कांद्याच्या चाळीतली मोटारसायकल

नाशिकचा माणूस नांदगावला गेलाच तर लग्नाला जातो, नाहीतर मयताला. मी गेलो मोटारसायकल आणायला. येऊन आता तीनेक महिने झाले. नांदगाव म्हणजे नुसतं गाडीच्या खिडकीतून दिसणारं स्टेशन, असं समजणारे माझ्या कचेरीत पुष्कळ आहेत. त्यांनी विचारलं म्हणून आणि थोडं माझ्यासाठी म्हणून हे लिहितो आहे.

मोटारसायकल माझ्या थोरल्या भावाची, विलासदादाची. आणीबाणी उठली त्या वर्षी तो आखातात वायरमनच्या कामाला गेला. तेव्हा आम्ही गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. घरमालक दारात सायकलसुद्धा उभी करू देत नसे, मग मोटारसायकल कुठली! दादाने ती नांदगावला मामांकडे नेऊन ठेवली आणि जाताना वहिनींना म्हणाला, "गाडी विकायची नाही. ती आहे म्हणजे मी परत येणारच." मध्ये एकदा तो आला, पण तेव्हाची सुट्टी पाहुणेरावळ्यांतच संपली. या हिवाळ्यात त्याचा निरोप आला की दोन महिन्यांच्या रजेवर येतोय, आणि पुढचं कंत्राट करायचं की नाही ते घरी आल्यावर बघू.

वहिनी बालवाडी चालवतात. दिवसभर पोरांशी बोलून घरी आल्यावर त्या फारसं बोलत नाहीत. त्या संध्याकाळी मेथी निवडता निवडता मला म्हणाल्या, "भाऊजी, गाडी आणा. ते येतील तेव्हा दारात दिसली पाहिजे. नुसती उभी नको, चालती पाहिजे. मग ते जायचे नाहीत."

दुसरं कोणी असं बोललं असतं तर मी हसलो असतो. वहिनींनी इतक्या वर्षांत माझ्याकडे काही मागितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकला.

एस्टीत

माझा स्वभाव फार तयारीचा. त्याचा घरच्यांना त्रास होतो, असं आई म्हणत असे. सहा वर्षं उभ्या गाडीची बॅटरी मेलेली असणार हे ओळखून मी नवी बॅटरी घेतली, रात्रभर चार्ज करवली आणि कापडी पिशवीत घालून एस्टीत मांडीवर घेऊन बसलो. शेजारी एक म्हातारी होती. तिने पिशवीकडे पाहून विचारलं, "देव नेऊन राह्यला का?" मी बॅटरी म्हटल्यावर तिचा रसच गेला.

चांदवडच्या पुढे मांडी चुरचुरायला लागली. एस्टीच्या हादऱ्यांनी बॅटरीतलं अॅसिड हिंदकळून बाहेर आलं होतं. नांदगावला उतरलो तेव्हा नव्या पँटला पुढच्या बाजूने चाळणीसारखी भोकं पडली होती. पुढचे दोन दिवस मी ज्यांना ज्यांना भेटलो, ते सगळे आधी माझ्या पँटकडे पाहून मग माझ्याकडे पाहत. तयारीचं हे असं होतं.

मामांचा मळा

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. गावाबाहेर त्यांची थोडी जमीन आहे, त्यात कांदा, बाजरी आणि तूर होते. उंच, वाळके, मान किंचित पुढे. "जय भीम मामा" म्हणून वाकलो तर म्हणाले, "बस. पानी पी. फटफटी कुठं पळून नाय चालली."

पाणी अर्धा तांब्या आलं. आमच्याकडे पाहुण्याला भरला पेला देतात, तो दोन घोट घेतो आणि उरलेलं आपण मोरीत ओततो. गंगा, म्हणजे आमची गोदावरी, उशाला असल्यावर दुसरं काय होणार! नांदगावकडे पाणी लांबून आणावं लागतं. तिथे दिलेलं पाणी संपवायचं असतं आणि कोणी उष्टं ठेवलं तर मामी त्याच्याकडे नुसतं बघते. मी शेवटचा थेंबसुद्धा ठेवला नाही.

जेवायला ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी आणि बाजरीची भाकरी होती. तिकडचं तिखट आमच्या तिखटाचा थोरला भाऊ आहे. नाक पुसत पुसत मी तीन भाकरी खाल्ल्या. मामी म्हणाली, "नाशिकचे लोक आमटीत गूळ घालत्यात म्हनं?" मी म्हटलं, थोडा घालतात. तिला माझी मनापासून कीव आली.

मग आम्ही चाळीकडे गेलो. कांद्याची चाळ म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची लांबट झोपडी. चारी अंगांनी वारा खेळावा म्हणून ती जमिनीपासून उचललेली असते. उन्हाळी कांदा दिवाळीआधीच विकून झाला होता आणि एवढ्या मोठ्या चाळीत, पार टोकाला, गोणपाटात गुंडाळलेली मोटारसायकल तेवढी होती. चाकं जमिनीला लागू नयेत म्हणून खाली दगड रचले होते. मामांनी गोणपाट एकेक करून काढलं.

मला गाडी दिसलीच नाही. दिसला तो गाडीच्या आकाराचा काळा, चिकट ढिगारा.

"हे काय केलंय मामा?"

"एरंडेल," मामा म्हणाले. "तुरीला लावतो ना साठवनीच्या टायमाला, तसंच. अन् वरून चुलीतली राख. सहा वरसं झाली, पर काय बी लागू दिलं नाय म्या."

मी टाकीचं झाकण उघडलं. आत पेट्रोल नव्हतं, ते दादाने जातानाच काढलं होतं. टाकी काठोकाठ भरली होती कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याने.

"धान्याच्या कनगीत टाकतो तसा टाकला," मामा म्हणाले. "दरसाल चैतात जुना काढून नवा."

"अहो, टाकी लोखंडाची आहे. तिला कुठली कीड खाणार?"

"खात नाय रे. कुंभारीण घर करती. मोकळं भांडं दिसायचा अवकाश, लगेच माती आनून लिंपती. पल्याडच्या मळ्यातलं इंजिन असंच बसलं. म्हनून म्या मागल्या नळीत बी पाला ठासला."

कुंभारीण ही मातीची घरटी करणारी माशी मलाही माहीत होती. खरं सांगायचं तर मला राग आला होता. दादा आठ दिवसांत येणार, वहिनी वाट बघत बसलेल्या, आणि इथे गाडीची तुरीची डाळ करून ठेवलेली. पण मामा कमरेवर हात ठेवून गाडीकडे असे बघत होते, जसं कोणी तयार झालेल्या पिकाकडे बघावं. मी बाह्या सरसावल्या.

पुढचा सगळा दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ यात गेली. रॉकेल आणि नारळाचा काथ्या घेऊन आम्ही मामा-भाचे घासत बसलो. एरंडेल आणि राख यांचं मिळून फटी बुजवायच्या लुकणासारखं पक्कं काहीतरी झालं होतं. ब्रेक धरून बसलेले, ते उघडून पॉलिश पेपरने घासले. साखळी रॉकेलात भिजत घातली. बाजारातून नव्या ट्यूब आणल्या. टाकीतला पाला तारेच्या आकड्याने ओढून काढला, टाकी उलटी करून बडवली, वर रॉकेलने खंगाळली. खाली लिंबाच्या पाल्याचा चांगला ढीग पडला आणि मी समजलो की झालं.

बॅटरी जोडली, ऑइल मिसळून पेट्रोल घातलं आणि किक मारायला लागलो. मी दमलो, मग मामांनी मारून पाहिली. शेवटी गाडी बांधावरच्या वाटेला लावून मामा, मामी आणि शेजारचे दोघे ढकलत धावले. क्लच चिकटलेला होता, तो एकदम सुटला, गाडीने मोठा बार काढला आणि नळीत राहिलेला काळा पाला मागे उडाला तो थेट मामीने वाळत घातलेल्या मिरच्यांवर. मामीने मला, मामांना आणि आखातातल्या दादाला एका दमात नावं ठेवली. गाडी मात्र धूर सोडत चालू होती. मामांनी टोपी काढून परत घातली.

संध्याकाळी म्हणाले, "उद्या मी बी येतो."

"मामा, शंभर किलोमीटर आहे. थंडी आहे. मागं बसून कंबर मोडेल."

"इलासनं माझ्या हातात दिली व्हती. ज्याची ठेव त्याच्या हातात द्यायची. मधल्या मानसाकडं नाय."

मी मधला माणूस ठरलो होतो. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मनमाडच्या रस्त्याने

उन्हं वर आल्यावर निघालो. मामांनी लग्नातला कोट घातला होता आणि मांडीवर वहिनींसाठी तुरीच्या शेंगांची पिशवी होती. माळावर वारा असा बोचत होता की मला बोटं आहेत की नाहीत ते बघून खात्री करावी लागत होती. दोन्हीकडे कांद्याची लागवड चाललेली, बायका ओळीने वाकलेल्या, त्यांच्या मागे लांबवर बोडके डोंगर. या मुलखात झाडं कमी, त्यामुळे आभाळ खूप मोठं दिसतं. आमच्याकडे द्राक्षबागा आणि घरं यांनी ते भरून गेलेलं असतं. मागून मामा, कोणाचा मळा कुठला आणि कोणाच्या विहिरीला पाणी किती, ते सांगत होते. निम्मं वाऱ्यात जात होतं.

थोडं अंतर गेलो आणि गाडी खोकून बंद पडली. मी उतरलो, पेट्रोलच्या कॉकखालची वाटी उघडली. जाळीवर हिरवट-काळा चोथा बसला होता. त्यात एक बारीक काडी, लिंबाच्या पानाचा देठ. वळणावळणाच्या टाकीच्या पोटात पाला उरला होता आणि पेट्रोलने भिजून खाली येत होता.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

मी पाठ त्यांच्याकडे करून जाळी रुमालाने पुसली. "काही नाही. प्लगमध्ये कचरा."

असं मनमाडपर्यंत पुन्हापुन्हा झालं. गाडी थांबली की मी घाईने उतरायचो, मामांना रस्त्यापलीकडचं काहीतरी दाखवायचो आणि जाळी पुसून रुमाल खिशात घालायचो. एकदा तर मी त्यांना उडणारी घार दाखवली. शेतकरी माणसाला घार! पण ते भाबडेपणाने बराच वेळ वर बघत उभे राहिले. "आजकाल पेट्रोलमधी लय भेसळ हाय," असं त्यांनीच मला समजावलं. मनमाडला स्टेशनजवळ गरम भजी आणि चहा घेतला. मामा खुशीत होते. टपरीवाल्याला सांगत होते, "सहा वरसं सांभाळली. भाच्याला द्यायला चाललो."

चांदवड

चांदवडच्या अलीकडे गाडी बंद पडली ती जाळी पुसूनही चालू होईना. ढकलत ढकलत आम्ही आग्रा रोडपर्यंत आलो. डोक्यावर चांदवडचे ते आडवेतिडवे कडे, समोरून ट्रकांची रांग, आणि कडेला पत्र्याखाली एक गॅरेज. मिस्त्री मालेगावकडचा होता. त्याने माझी पँट पाहिली, मग गाडी पाहिली, कॉक सोडवून नळी फुंकली आणि टाकीत वाकून पाहिलं.

"अरे भाई, ये क्या है? टाकीत झाडाचा पाला? कोन्या येड्यानं भरला हा?"

मी डोळ्यांनी त्याला खुणावत होतो. त्याला वाटलं माझ्या डोळ्यांत काही गेलंय.

"म्या भरला," मामा म्हणाले.

मामा माझ्याकडे वळले. "सकाळपास्नं त्याच्यानंच बंद पडती का रे?"

मी हो म्हणालो. काय म्हणणार! मामांनी तुरीच्या शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली. "ही सूनबाईला दे. मी जातो एस्टीनं माघारी. इलासला काय तोंड दाखवू? ठेव घेतली अन् नासवली."

ते खरोखरच रस्त्याकडे चालायला लागले. मी मागून गेलो, दंड धरला. इतका वेळ घारी दाखवण्यात घालवला होता, आता गाडीच दाखवायची होती. मी त्यांना ओढत परत आणलं आणि रुमालावर रॉकेल घेऊन चाकाच्या कडीवर राहिलेला काळा थर पुसला. खाली कडी लखलखीत. मडगार्डखाली पुसलं, तिथेही तसंच.

"गंज कुठंय दाखवा," मी म्हटलं. मला वाटतं मी ओरडलोच. "सहा वर्षं पावसाळ्यात उभी होती. कुठंय गंज? एक टाकीचं तेवढं चुकलं."

मिस्त्रीही वाकून बघू लागला. "बाकी गाडी मस्त रखेली हय, चाचा," तो म्हणाला. "टाकी साफ होती है. बैठो."

त्याने टाकी उतरवली, आत मूठभर बारीक खडी आणि रॉकेल घातलं आणि ती जोरजोरात हलवायची असं सांगितलं. मामांनी कोट काढून माझ्याकडे दिला आणि टाकी उचलली. मी मागितली तर दिली नाही. सुपात गहू पाखडावेत तशी ती टाकी ते हलवत राहिले, घामाघूम झाले, तरी थांबेनात. शेवटी मिस्त्रीनेच काढून घेतली. आत आरशासारखी नाही, पण स्वच्छ झाली होती. आम्ही तिघांनी तिथेच शेवभाजी आणि पाव मागवून खाल्ला. मामांनी परत जायचं नाव काढलं नाही.

तिथून पुढे गाडी एकदाही थांबली नाही. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोच्या गाड्या, ओझरच्या पुढची सरळ सडक, मग पंचवटीचे दिवे. गंगेच्या पुलावर आलो तेव्हा मामा मागून म्हणाले, "येवढं पानी कायमचं असतं का रं हितं?"

नाशिक

वहिनी दारातच होत्या. आम्ही आता त्या जुन्या घरात राहत नाही, अंगण आहे. गाडी बंद न करता मी ती अंगणात उभी केली. वहिनींनी मामांना पाणी दिलं आणि हँडलला हात लावून पाहिला. त्या हसल्या. वहिनींचं हसणं मी फार दिवसांनी पाहिलं. मला इतका आनंद झाला की थकवा, पँट, सगळं विसरलो.

दादा आला. मामा त्याच्यासाठी थांबलेच होते. रिक्षातून उतरल्यावर बॅग खाली ठेवायच्या आधी त्याची नजर गाडीवर गेली. त्याने मारलेल्या पहिल्याच किकला ती चालू झाली. "अरे!" एवढंच म्हणाला आणि वहिनींना म्हणाला, "बस." वहिनी पदर खोचून मागे बसल्या आणि दोघे गंगापूर धरणाच्या दिशेने गेले ते दिवे लागल्यावर आले. येताना वहिनींचे केस विस्कटलेले होते. आत जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे, सांगितलं नव्हतं का?

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. मामांनी घास ठेवला आणि म्हणाले, "इलास, तुला एक सांगायचं हाय. टाकीत म्या लिंबाचा पाला टाकलेला. त्याच्यानं वाटेत लय तरास झाला. चुकलं माझं."

दादाचा राग आमच्या घरात प्रसिद्ध होता. गाडीवर ओरखडा दिसला तर तो दोन दिवस कोणाशी बोलत नसे. मी हातातली भाकरी धरून बसलो. पण दादा शांतपणे हसला.

"त्यात काय चुकलं मामा. चांगली राखलीत. फक्त या खेपेला टाकीत पाला नको. पेट्रोल काठोकाठ भरून ठेवायचं, म्हणजे आत हवा राहत नाही नि गंज धरत नाही. मी जाताना भरून देतो. पाला नळीत घाला हवा तर."

तो पुढचा घास घेऊन चावू लागला. आपण काय बोललो ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. वहिनी वाढायला वाकल्या होत्या, त्या तशाच थांबल्या. मला दादाचा एवढा राग आयुष्यात आला नव्हता. त्याने भांडून सांगितलं असतं, मला जायचंय म्हणाला असता, तर वहिनींना निदान काही बोलता आलं असतं.

मामांनी वहिनींकडे पाहिलं, मग दादाकडे.

"माझ्या चाळीत जागा नाय," ते म्हणाले.

"असं काय मामा? कांदा तर उन्हाळ्यात..."

"नाय म्हनलं ना. एकदा ठिवली तेवढी बास झाली." आणि ते जेवायला लागले. वहिनींनी त्यांच्या ताटात न विचारता भाकरी वाढली आणि आत गेल्या.

दादा रजा संपताच गेला. कंत्राट त्याने येण्याआधीच केलं होतं, हे नंतर कळलं. गाडीची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, "तू चालव, उभी ठेवू नकोस." मी चालवतो. उत्तम चालते, पहिल्या किकला चालू होते. सकाळी मी कचेरीला निघतो तेव्हाच वहिनीही निघतात आणि बालवाडी माझ्या वाटेवरच आहे. सुरुवातीला मी रोज विचारायचो, वहिनी, सोडू का? त्या म्हणायच्या, "नको भाऊजी, बसनं जाते." आता विचारत नाही. त्या कोपऱ्यावरच्या थांब्यावर उभ्या असतात आणि मी गाडी थोडी हळू करून पुढे निघून जातो.